टेबलाखालच्या विटा

दवाखान्यात कंबर शेकून घ्यायला आलेल्या शिक्षिकाबाईंच्या शेजारी इस्त्रीवाले बापलेक बसले होते. मुलगा ताडमाड, बाप जेमतेम त्याच्या खांद्याला लागणारा.

“टेबलाखालच्या विटा कुणी काढल्या, बाबा?”

“मी काढल्या.”

“दिवसभर वाकून माझ्या कंबरेचा पार काटा ढिला होतो.”

“त्याच टेबलावर माझी हयात गेली. माझी कंबर कधी कुरकुरली नाही.”

“टेबल तुमच्या मापाचं आहे. मी वीतभर उंच आहे.”

“मग पट्टा बांध.”

“पट्ट्यानं काय होणार? वाकणं थांबवा, असं डॉक्टरांनी मागेच सांगितलंय.”

“आणि टेबल वर गेलं की माझा हात पोचत नाही, त्याचं काय?”

“दुकानात दुसरं टेबल मावलं असतं तर लावलं असतं. तुम्ही आता घरी बसा ना निवांत.”

“बसून काय करू? भिंतीकडे बघू?”

आतून हाक आली, तसा मुलगा गुडघ्यावर हात टेकून उठला आणि आत गेला. दार अर्धवट उघडंच राहिलं.

“काय, टेबल उंच केलंत का?” डॉक्टरांनी विचारलं.

बाकावरचा बाप पुढे सरकला.

“केलं, डॉक्टर,” आतून मुलाचा आवाज आला. “आता बहुतेक गादीचंच काहीतरी असेल.”