एक होडी यायची राहिली

हॅलो?… हॅलो, सोनम का?… आटपाडीची सोनम? ज्योतिबांची मुलगी?

हां… मी आष्ट्याहून बोलतीय. आबेदा बाई… अगं, वाचनवर्गाची. सुट्टीत मुलांना पुस्तकं वाचायला द्यायची, ती…

हॅलो?… आहेस का?… बरं. मला वाटलं कट झाला.

नंबर? तुझ्या ज्ञानूमामांनी दिला. परवा बाजारात आले होते घोंगडी घेऊन. मीच मागितला. दोनदा नाही म्हणाले, तिसऱ्यांदा दिला… त्यांना काही बोलू नकोस, मीच मागं लागले होते.

तो मशीनचा आवाज येतोय का गं?… ब्लाऊज शिवतेस? हो, हो, लग्नसराईच आहे… मग नंतर करू का फोन?… आत्ताच बोलू? बरं. तू शीव. शिवत शिवत ऐक.

नाही, नाही, कुणाचं काही झालेलं नाही. सगळे बरे आहेत. माझा मुजीब पुण्याला असतो. त्याची मुलगी आलीय सुट्टीला, अरिबा, इथंच बसलीय माझ्या पायाशी… अरिबा, बेटा, तू जरा आत जा. जा म्हटलं ना… हां.

सोनम, मी… अगं, काय काय बोलायचं ते कागदावर लिहून ठेवलं होतं. आता चष्माच सापडेना.

मला त्या गोष्टीचं बोलायचंय.

…तुझ्या गोष्टीचं. दीपगृहाच्या.

मशीन थांबवलंस का?

…हो. आठवत असणारच. मी उगीच विचारणार होते, आठवतं का म्हणून.

चौदा वर्षं झाली ना?… तू सहावीत होतीस. ऊस गेला की तुमची मेंढरं आमच्या दिरांच्या रानात बसवायचे, खतासाठी. तू तिथून चालत यायचीस माझ्या सोप्यात. त्या उन्हाळ्यात सगळी समुद्राची पुस्तकं आणली होती मी. बेटं, बोटी, दीपगृहं… काय?… 'वाचताना गार वाटंल म्हणून', हो, असंच म्हणाले होते मी. केवढं लक्षात आहे तुझ्या.

सात पुस्तकं होती. बाकीच्यांनी दोन दोन वाचली, कुणी तीन. तू सातही वाचलीस. परत देताना कव्हर पुसून द्यायचीस, लोकरीचा वास येतो म्हणून… अगं, मला कधीच नाही आला गं वास.

आणि शेवटच्या दिवशी ज्यानं त्यानं आपली आपली गोष्ट लिहून आणायची होती. चाळीसभर मुलं. तू उभी राहिलीस…

थांब, मला सांगू दे. मला किती आठवतं ते ऐक. चुकलं तर सांग.

दीपगृहाचा राखणदार तापानं फणफणलेला असतो. मग त्याची मुलगी एकटी वर चढते आणि दिवा लावते. खाली होड्या परत यायला लागतात, तशी ती एकेकीला नावानं मोजते. भुरी आली, कानफाटी आली, लंगडी आली… आणखी?… खांडी? खांडी पण होती? बघ, ती मी विसरले होते… तुमच्या मेंढ्यांची नावं का ती? खरीच?… मला आत्ता कळतंय हे.

आणि ते वाक्य… ते मी तुझ्याच शब्दांत सांगते. 'अंधारात समुद्र दिसत न्हाई, निस्ता त्याचा श्वास ऐकू येतो, कळप बसल्यावानी.'

बरोबर ना?

मग एक होडी यायची राहते. ती मुलगी वरून हाळी देते… आणि तिथंच मी म्हणाले, बस.

हो. बस म्हणाले. तुला विचारलं, समुद्र कधी बघितलास का? तू मान हलवलीस. मग म्हणाले, न बघता कसं लिहिलंस? कुठल्या पुस्तकातून उतरवलंस ते सांग… सगळ्यांदेखत. मुलं हसली. त्या मागच्या ओळीतल्या पोरांनी बें बें करायला सुरुवात केली…

नाही. गप्प केलं नाही मी त्यांना. नाही केलं.

दुसऱ्या दिवशी तुझे वडील, दादा, आले होते माझ्याकडं, ते ठाऊक आहे का तुला?… नाही?… सकाळीच आले. फेटा काढून हातात धरला होता. म्हणाले, बाई, माझ्या पोरीनं काय चोरलं? सांगा, मी भरून देतो. मी म्हणाले, वस्तू नाही हो, गोष्ट चोरलीय. तर बघतच राहिले माझ्याकडं. म्हणाले, 'गोष्ट चोरता येती व्हय, बाई?'

मी म्हणाले, येते की.

फेटा बांधला आणि गेले. त्याच दिवशी रान सोडलंत तुम्ही. अजून पंधरा दिवस बसणार होतात… दिरांनी मला विचारलं, काय झालं गं वहिनी, का गेले? मी म्हणाले, मला काय माहीत.

कसे आहेत दादा?

…काय?

…कधी?

तीन वर्षं… अल्ला… ज्ञानूमामा काहीच बोलले नाहीत गं. मी त्यांना म्हणाले सुद्धा, ज्योतिबांना माझा सलाम सांगा. ते नुसते हो म्हणाले…

नाही, मी ठीक आहे. त्यांनाही फोन करायचा होता मला. आधी तुला आणि मग त्यांना, असं ठरवलं होतं… हो. उशीर झाला.

आत्ता का फोन केला? सांगते.

ऐक. त्यानंतर दर उन्हाळ्यात मी समुद्राची पुस्तकं आणत राहिले. सांगलीहून, कोल्हापूरहून, मुजीबला सांगून पुण्याहून. मुलांना वाटायचं, बाईंना समुद्राचं वेड आहे. आलेलं प्रत्येक पुस्तक आधी मी वाचायची. पहिल्या पानापासून शेवटापर्यंत. तुझी गोष्ट शोधत… चौदा वर्षं. दीपगृहाची म्हणून जेवढी पुस्तकं हाताला लागली, तेवढी सगळी वाचली. कुठंच नाही. कुठल्याच पुस्तकातली मुलगी होड्यांना नावानं मोजत नाही.

आणि गेल्या महिन्यात मुजीबनं मला रत्नागिरीला नेलं. साठी उलटल्यावर, आयुष्यात पहिल्यांदा समुद्र बघितला मी… हो गं! मीही नव्हताच बघितला. तुला विचारलं तेव्हा मी तरी कुठं बघितला होता?

दीपगृह बघून खाली आलो. अरिबाला कणीस पाहिजे होतं, त्यात वेळ गेला, अंधारून आलं. सगळे पुढं गाडीकडं गेले. मी कठड्याला धरून उभी होते. पाणी दिसेना. नुसता आवाज. खाली, जवळच… आत घेतलेला, बाहेर सोडलेला. आणि मला दिरांचं रान आठवलं. दिवेलागणीला भाकरी घेऊन जायची मी तिकडं. तुमची मेंढरं बसलेली असायची, दिसायची नाहीत, पण सगळ्या रानाला श्वास लागल्यासारखा…

तसाच होता गं. अगदी तसाच.

हॅलो?… ऐकतेस ना?

…

विचार ना. विचार, काय ते.

…

'तुमाला खरंच वाटलं व्हतं का, मी उतरवलं म्हणून?'

…

नाही.

नाही, सोनम.

इथवर सगळं कागदावर लिहिलं होतं बघ मी. की मला शंका आली, माझी चूक झाली, मला नंतर उमगलं. पण तू विचारतेस तर… मला तेव्हाच कळलं होतं. तू ते वाक्य वाचलंस आणि माझ्या अंगावर काटा आला. तिथंच कळलं, हे हिचं आहे.

मग का म्हणजे… कसं सांगू. वीस वर्षं मी लिहीत होते. मुलांच्या गोष्टी. मासिकांना पाठवायची, परत यायच्या. घरात कुणाला माहीत नव्हतं, मुजीबच्या अब्बांना सुद्धा नाही. ट्रंकेत तळाशी ठेवायची. त्या वीस वर्षांत तसलं एक वाक्य मला जमलं नव्हतं. आणि तू, बारा वर्षांची, हातात ती कोपरे मुडपलेली वही… आधी काटा आला आणि लगेच राग आला. तुझाच राग आला गं मला. लेकराचा.

मग पुस्तकं कशाला शोधत होते? तेच तर. त्यात तुझी गोष्ट सापडली असती तर मी खरी ठरले असते ना. चौदा वर्षं मी तुला चोर ठरवायलाच वाचत होते.

…

बोल ना काहीतरी… शिव्या दे वाटलं तर.

…हो. हो, बरोबर आहे तुझं. फोनवरून माफी मागणं सोपं आहे. मी येते आटपाडीला. आज म्हणशील तर आज… नको? घरात काय सांगायचं?… बरं. नाही येत.

एक विचारू? माझा हक्क नाही विचारायचा, तरी विचारते. ती राहिलेली होडी… शेवटी आली का?

…म्हणजे?

आठवत नाही? अजिबात?… खांडी आठवते, भुरी आठवते आणि शेवट नाही?… अगं, वही असेल की कुठंतरी. दादांच्या सामानात, ट्रंकेत, कुठं…

चुलीत घातलीस.

त्याच दिवशी… चहाला.

…आई म्हणाली, वल्लं जळण पेटंना, आणि तू वही दिलीस.

मग आता कुणालाच ठाऊक नाही म्हणायचं. ती होडी आली का नाही, ते.

…

नाही, रडत नाही मी. बोल.

हो, एक ठरवलं होतं मी. या वर्षी मुलांचा अंक काढतोय, छापील. त्यात पहिल्या पानावर तुझी गोष्ट घ्यायची, जेवढी मला आठवते तेवढी. वर तुझं नाव. आणि खाली माझ्या नावानं, मी काय केलं ते… नको?… अगं, पण चूक माझी… नाव नको. गोष्टही नको. बरं… बरं. 'माझी हाय, माझ्यापाशीच ऱ्हाऊ दे.' हो, तुझीच आहे. नाही छापत. शब्द दिला.

नंतर काही लिहिलंस का गं कधी?… कापडाची मापं. हं.

मूलबाळ?… मुलगी? काय नाव?… बाणाई! किती गोड… सहा वर्षांची. शाळेत जाते ना?… बडबडी आहे? कुणावर गेली मग?… नाही, हसत नाही, बोल. काय काय बोलते?

डोंगरावरच्या पवनचक्क्या, हां. वर तांबडे दिवे असतात, बघितलेत मी… कशासाठी म्हणते?… ढगांसाठी? ढगांना आटपाडीची वाट सापडावी म्हणून लावलेत?

अगं सोनम…

आणि मग? पुढं काय म्हणाली?… ठाऊक नाही? का?… गप बस म्हणालीस. शिवताना डोकं उठवते, हो, कळतं मला, गिऱ्हाइकाची घाई असते… रोजच गप्प करतेस?… 'खुळ्यावानी बोलू नगंस, लोक हसत्यात.' असं म्हणतेस तिला?

…

नाही, मी काही म्हणत नाही. मी कोण सांगणारी? जिनं तुला अर्ध्यात थांबवलं, तिनं तुला शिकवावं का?… पण नको गं. एवढं नको करूस.

…

हॅलो?… सोनम?

…असं थांबवतेस तिला, ते तुला कळलंच नव्हतं?

…आत्ता, बोलता बोलता?

हो… हो… रड. मी आहे. काही बोलत नाही मी, नुसती आहे फोनवर.

…

कोण आलं?… गिऱ्हाईक? जा, जा. पाणी मार तोंडावर… काय म्हणालीस?

परत फोन करू नको.

…बरं. नाही करणार. नाही, मनाला कशाला लावून घेऊ? तू ऐकून घेतलंस, तेच पुष्कळ… माफ केलं असं म्हणू नकोस उगीच. तसं म्हणाली नाहीस तेच बरं केलंस. ठेव. आधी तू ठेव.

…

हॅलो?… अगं, चालूच आहे फोन तुझा… सोनम? हॅलो?… तसाच ठेवला वाटतं मशीनवर… अगं, बंद कर तो…

गिऱ्हाइकाला म्हणतीय, उद्या या.

आता कुणाला हाका मारतेस?… बाणाईला…

…

'काल काय सांगत व्हतीस गं? मग? ढग आलं का?'

…

अरिबा, शू… बोलू नको, बेटा… थांब जरा…

सांगायला लागलीय. केवढासा आवाज तो…

नाही. हे आपण ऐकायचं नाही.

ठेवते मी.