कापराच्या झाडाला टेकवलेली कुऱ्हाड

जपानमधल्या ओइता शहरातल्या हाडांच्या दवाखान्यात माझ्यापुढे दोन म्हाताऱ्या बसल्या होत्या.

"किनुसान, देवळातलं कापराचं झाड तोडून गाड्या लावायला जागा करणार म्हणे?"

"झाडाला न विचारता? बुंध्याला कुऱ्हाड टेकवून ठेवायची. सकाळपर्यंत उभी राहिली, तरच झाडाची परवानगी!"

"ठेवली होती ना मियाके पुजाऱ्यांनी. उभी राहिली म्हणतात."

"राहणारच! मेल्यानं झाडाला गुंडाळलेल्या पवित्र दोरालाच बांधली होती! आज सकाळी मी जाऊन सोडली."

"अगं बाई! मग?"

"मग काय, पडली! थेट माझ्या पायावर."

"आता ते म्हणतील, तूच पाडलीस."

"म्हणू दे! डॉक्टरांकडून लिहूनच घेते, झाडानं नकार दिला म्हणून."