जास्तीची घडी

बसच्या रांगेत माझ्यापुढे शर्टांच्या कारखान्यातल्या नणंद-भावजय उभ्या होत्या.

"वहिनी, तुमच्या टेबलावरचा कॅमेरा काढला म्हणे?"

"हो. माझे हात बघून ते यंत्र घड्या घालायला शिकत होतं ना, ते शिकलं."

"पण तुम्ही तर मुद्दाम चुकीचं दाखवत होता!"

"दाखवत होतेच की. प्रत्येक शर्टाला एक जास्तीची घडी घालायची, परत मोडायची. म्हटलं, शीक मेल्या!"

"मग?"

"मेल्यानं नेमकी तीच घडी गाळली."

"अगं बाई! आता?"

"सोमवारी साहेब माझा वेग बघणार, मग मला ठेवायचं की नाही ते ठरवणार."

"मग आता तरी सरळ घड्या घाला!"

"काल घरी तुझ्या दादाच्या शर्टावर सरळ घडी घालून बघितली. हात ऐकेनात गं."