पुढच्या जागेवरचा गृहस्थ

बाई : तुमची समिती धडधडीत खोटं बोलते! तीन वर्षं घासून विमान चालवायला शिकले, परीक्षेला डोंगर ओलांडून एकटी गेले, एकटी परत आले. आणि विमानचालकाचा दाखला कुणाच्या नावावर? आमच्या मिस्त्रीच्या!

कारकून : आवाज कमी करा, बाईसाहेब. समिती आत जेवायला बसलीय.

बाई : मग ऐकू दे की. घास अडकला तर पाणी देईन.

मिस्त्री : साहेब, काहीतरी घोटाळा झालाय. काल मला पत्र आलं, अभिनंदनाचं. बायकोने गल्लीभर दाखवलं. अहो, मी इंजिन खोलणारा माणूस, शिडीवर चढलो तरी मला गरगरतं!

कारकून : समितीचे तिघेही दुर्बिणी घेऊन मैदानावर उभे होते. त्यांना दोन डोकी दिसली. मागे बाई, पुढे पुरुष. चामडी कोट, टोपी, चष्मा. नंतर खुंटीवरचा कोट पुराव्याला जमा केला, तो तुमचा निघाला.

मिस्त्री : कोट माझाच. पण आत मी नव्हतो.

कारकून : मग कोण होतं?

मिस्त्री : वाळू.

कारकून : कोण?

बाई : वाळूचं पोतं हो! दोघांचं विमान आहे ते. एकटं उडवायचं तर चालवणारा मागे बसतो. पुढची जागा रिकामी ठेवली की तोल जातो, म्हणून तिथे वजन बांधतात.

कारकून : ते समजलं. पण पोत्याला टोपी?

मिस्त्री : आधीच्या खेपेला पोतं उसवलं ना. वाऱ्याने सगळी वाळू मागे ताईंच्या डोळ्यांत. आंधळ्यासारख्या उतरल्या बिचाऱ्या. म्हणून या वेळी वरून कोट चढवला, बटणं लावली. तोंडाची गाठ सुटू नये म्हणून टोपी ओढली, पट्टा आवळला. चष्मा टोपीलाच असतो.

कारकून : पण त्या गृहस्थाने समितीच्या साहेबांना मान हलवून नमस्कार केला म्हणे.

बाई : चाक खड्ड्यात गेलं असेल! मैदान आहे की नांगरलेलं शेत? आणि मी हात हलवला, तो नाही दिसला कुणाला?

कारकून : त्याची नोंद आहे. 'मागची बाई घाबरून हातवारे करत होती.'

बाई : घाबरून? थांबा... डोकंच चालेना माझं. दोन तास त्या टोपीकडे बघत बसले होते. डोंगरावर ढग आले तेव्हा चक्क बोलले तिच्याशी, 'घाबरू नका, पोचतोय आपण.' मिस्त्री, पोतंच होतं ना हो ते?

मिस्त्री : ताई, आता तुम्हीसुद्धा? मी कालपासून स्वतःलाच विचारतोय, गेलो होतो की काय!

कारकून : (लेखणी खाली ठेवत) मिस्त्री, यातलं मी अजून काही लिहिलेलं नाही. समितीला न विचारता विमानात वजन बांधायला मनाई आहे. बांधणाऱ्याला मैदानाचं फाटक कायमचं बंद. म्हणजे बघा, पुढे तुम्ही होतात, तर विमानचालक. पोतं होतं, तर उद्यापासून हत्यारं घरी. पुन्हा विचारतो. पुढे कोण होतं?

बाई : असा नियम आहे? मला नव्हतं ठाऊक... मिस्त्री, थांबा. तुम्हाला पोरंबाळं आहेत.

मिस्त्री : आणि तुमचं काय?

बाई : सोमवारी टपालाचं पहिलं विमान निघतंय. दाखला नसेल तर ते मला मिळणार नाही. सासऱ्यांनी बजावलंय, या वेळी नाही जमलं तर मैदानाचं नाव काढायचं नाही. पण ते माझं मी बघेन.

मिस्त्री : मग टपालाचं विमान मिळणार कुणाला?

कारकून : ज्याच्या नावावर दाखला, त्याला.

मिस्त्री : मला? आणि मी ते कुणाच्या घरावर नेऊन आदळू? लिहा, साहेब. पोतं होतं. मी बांधलं. गाठसुद्धा माझीच.

कारकून : नीट विचार करा.

मिस्त्री : केला. कोट तेवढा परत द्या.

कारकून : लिहिलं. 'पुढच्या जागेवर वाळूचं पोतं.' मिस्त्रीचा दाखला रद्द. झालं, या आता.

बाई : या काय? माझा दाखला?

कारकून : विमान कुणी चालवलं ते समिती ठरवेल.

बाई : मग बोलवा समितीला, हात धुवून झाले असतील. मी इथे बसलेय. एवढंच विचारा त्यांना. पुढे पोतं होतं, तर मागे कोण होतं?