सक्तीची कौटुंबिक सहल

लातूरच्या बसस्थानकावर औशाच्या गाडीची वाट बघत होतो. पुढे एकाच कोचिंग क्लासच्या टोप्या घातलेले दोन मास्तर.

"राघवेंद्र सर, आज रविवार हाय ना?"

"क्लासात कुठला रविवार, निवृत्ती सर? आज किल्ल्यावर सहल. 'आपण सारे एक कुटुंब'."

"मग बायकापोरं आणायची का?"

"न्हाई. फक्त कुटुंबानं यायचं."

"अन् न्हाई आलं तर?"

"रजा कापतेत."

"आलं तर?"

"उद्या सहलीवर परीक्षा. पन्नास प्रश्न, चुकलं की गुण वजा. पहिलाच प्रश्न, सहलीत किती आनंद झाला?"

"लई झाला, असं लिहितो. आज माझ्या पोरीचा वाढदिवस हाय."

"काय म्हणली?"

"म्हणली, बाबा, मला तुमच्याच क्लासला घाला. तिथं तरी दिसाल."