पहिला ग्लास

शिवणकामाच्या कारखान्यात नवा नळ बसवला, तेव्हा पाइपातला गाळ जावा म्हणून प्लंबरने पहिला ग्लास ओतून दिला होता. वर्षभराने दुसऱ्या कामाला आला तेव्हा तो पाण्याच्या रांगेत उभा राहिला. पुढे दोघी शिवणाऱ्या होत्या.

“पहिला ग्लास ओत, मग पी.”

“का गं मावशी?”

“पोटाला बाधतो.”

“कुणी सांगितलं?”

“काजं करणाऱ्या काकूंनी. त्यांच्या नणंदेकडेही ओततात.”

“तिथंही बाधतो?”

“ओततात ना, मग कसा बाधेल?”

प्लंबरला राहवेना. “अहो, नळ नवा होता, गाळ होता. म्हणून मी ओतला होता.”

“बघ, प्लंबरसुद्धा ओततो.”

त्याची पाळी आली. ग्लास भरून त्याने उजेडात धरला. पाणी नितळ होतं. मागे रांग बघत होती.

त्याने ग्लास ओतला.