चार दिवसांचा पास

यवतमाळच्या बसस्थानकावर, पासच्या रांगेत माझ्यापुढे साठीतले नवराबायको उभे होते.

"रुखमा, यंदा कापसाले भाव नाई अन् तू फिराले निघाली!"

"भाव यीन तवा पाय राह्यतीन का? चार दिवसाच्या पासावर लाल गाडीनं महाराष्ट्रात कुठंबी जाता येते. मले रत्नागिरीचा समुद्र पाहाचा हाये."

"तिकडं आपलं कोण हाये? उमरखेडले पोरीकडं जाऊ."

"दर उन्हाळ्यात तेच. अन् तिथं तुमी चारी दिवस तिचा कूलर दुरुस्त करता."

"अवं, पण रत्नागिरीले झोपाचं कुठं?"

"गाडीतच झोपू. पास हाये तवर गाडी आपलीच."

"अन् जेवाचं?"

"दुधातल्या दशम्या केल्या. चार दिवस टिकतेत."

खिडकीतून आवाज आला, "दोघांचे फोटो द्या."

"घे! माहा तं फोटोच नाई. चाल घरी."

"हाये ना. हे घ्या साहेब, दोघाईचे."

"हा माहा कवा काढला?"

"दोन सालाआंधी तुमाले स्टुडिओत नेलतं ना, बँकेले फोटो पाह्यजे म्हणून?"

"हो, नेलतं."

"बँकेनं मांगतलाच नोता."

"मंग शर्ट तरी चांगला घालाले सांगाचा होता!"